गाडीसाठी पेनड्राइव्ह आणि डॅशकॅमचं कार्ड: काय घ्यावं, कसं तपासावं, कधी बदलावं

डॅशकॅम, म्हणजे गाडी चालताना रस्ता रेकॉर्ड करत राहणारा कॅमेरा, घेताना लोक कॅमेऱ्याची चौकशी भरपूर करतात. रात्री नंबरप्लेट वाचता येते का, मागचा कॅमेरा सोबत मिळतो का, ॲप चांगलं आहे का, सगळं विचारून होतं. कार्डाची वेळ आली की मात्र दुकानदार देईल ते किंवा जुन्या मोबाइलमधून काढून ठेवलेलं घातलं जातं. अपघात झाला की आपल्याला जे हवं असतं ते सगळं त्या नखाएवढ्या कार्डावर असतं, आणि स्वस्तातल्या कार्डानं बरेचदा महिनाभर आधीच मान टाकलेली असते. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत राहतो, पण कार्डावर काही उतरत नाही.

म्हणून पहिल्यांदाच डॅशकॅम किंवा गाडीचा पेनड्राइव्ह घेणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: रेकॉर्डिंग आणि गाणी एकाच कार्डावर किंवा एकाच पेनड्राइव्हवर ठेवू नका. रेकॉर्डिंगमध्ये सतत लिहिलं जातं आणि सतत पुसलं जातं. गाणी एकदा भरली की पुढे वर्षभर फक्त वाचली जातात. दोन्ही कामांना लागणारा माल वेगळा, त्याची किंमत वेगळी आणि तो खराब होण्याची कारणंही वेगळी.

आधी गाडीत काय आहे ते पाहा

खरेदीआधी दोन मिनिटं गाडीत बसा. डॅशकॅम काचेला चिकटवायचा असेल तर त्याला मायक्रोएसडी कार्ड लागतं. कॅमेऱ्याची यूएसबी वायर फक्त विजेसाठी असते, त्यामुळे तिथे पेनड्राइव्हचा प्रश्नच येत नाही. टेस्लासारख्या गाडीत कॅमेरे गाडीचेच असतात आणि रेकॉर्डिंग थेट यूएसबी ड्राइव्हवर होतं. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

गाण्यांसाठी कोणत्या पोर्टमधून डेटा जातो ते शोधा. आजकाल गाडीत चार-चार पोर्ट असतात, पण त्यातला बहुधा एकच म्युझिक सिस्टीमला जोडलेला असतो. मागच्या सीटसाठी दिलेले पोर्ट बहुतेक गाड्यांत फक्त चार्जिंगचे असतात. पोर्टजवळ त्रिशूळासारखं यूएसबीचं चिन्ह असेल तर तो डेटाचा असण्याची शक्यता जास्त. विजेचं किंवा बॅटरीचं चिन्ह असेल तर तो चार्जिंगचा समजा. खात्री करायची असेल तर कोणाचा तरी गाणी भरलेला पेनड्राइव्ह लावून स्क्रीनवर ‘यूएसबी’ हा पर्याय उघडतो का ते पाहा. पोर्टचा आकारही बघून ठेवा. नव्या गाड्यांत टाइप-सी आलं आहे आणि जुना चपटा पेनड्राइव्ह त्यात जात नाही. दोन्ही टोकं असलेले पेनड्राइव्ह मिळतात, नव्या गाडीसाठी तेच सोयीचे.

डॅशकॅमचं माहितीपुस्तकही जवळ असू द्या. जास्तीत जास्त किती जीबीचं कार्ड चालेल हे त्यात लिहिलेलं असतं. १२८ जीबीपर्यंतच चालणाऱ्या कॅमेऱ्यात २५६ जीबीचं कार्ड घातलं तर कधी ते ओळखलंच जात नाही, कधी अर्ध्यावर अडकतं.

किती जीबी पुरेल

याचं उत्तर तुमच्याच कॅमेऱ्यातून काढता येतं. तीन मिनिटांची एक क्लिप घ्या आणि तिचा आकार पाहा. समजा ती ३६० एमबीची आहे. तासाला अशा वीस क्लिप होतात, म्हणजे ७.२ जीबी. फुल एचडीच्या एका कॅमेऱ्यासाठी हा आकडा साधारण असाच येतो. मागचा कॅमेरा जोडला की तासाला दहा-अकरा जीबी धरा, आणि फोर-के असेल तर त्याहूनही बरंच जास्त.

आता ६४ जीबीच्या कार्डावर एका कॅमेऱ्याचं साडेआठ-पावणेनऊ तासांचं रेकॉर्डिंग मावतं. समृद्धी महामार्गानं मुंबईहून नागपूरला निघालात तर ७०१ किलोमीटरचा रस्ता आठेक तासांचा. म्हणजे चहापाण्याला कॅमेरा बंद राहिला तर सकाळचं पहिलं दृश्य नागपुरात पोहोचल्यावरही कार्डावर असतं. दोन कॅमेरे असतील तर त्याच कार्डावर सहाएक तासच राहतात, आणि वाटेत दुपारी कोणी कट मारून गेला असेल तर त्याचं फूटेज रात्री पुसायच्या बेतात आलेलं असतं. घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ‘अरे, बंपरवर हा ओरखडा कधी आला?’ असं लक्षात येणारे आपण सगळेच. म्हणून माझं मत असं, की एका कॅमेऱ्याला किमान ६४ आणि दोन कॅमेऱ्यांना १२८ जीबी. मोठं कार्ड आणखी एका कारणानं चांगलं, ते पुढच्या भागात येईल.

६४ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरला लावल्यावर ५९ च्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. १२८ चं कार्ड ११९ दिसतं. एवढ्यावरून माल खोटा ठरत नाही.

टिकाऊपणा: खरा प्रश्न इथे आहे

फ्लॅश मेमरीमध्ये माहिती बारीक बारीक कप्प्यांत विजेच्या भाराच्या रूपात साठवली जाते. कप्प्यात नवं लिहायचं तर आधीचं पुसावं लागतं, आणि प्रत्येक पुसण्या-लिहिण्यात कप्प्याचा पातळ थर थोडासा झिजतो. पाटीवर तेच तेच ठिकाण पुन्हा पुन्हा घासून लिहिलं की तिथे अक्षर उमटेनासं होतं, तसं काहीसं. मोबाइलमध्ये फोटो साठवताना ही झीज जाणवत नाही, कारण एकदा काढलेला फोटो वर्षानुवर्षं तिथेच असतो. डॅशकॅममध्ये कार्ड भरलं की सगळ्यात जुनी क्लिप पुसून नवी लिहिली जाते आणि हे चक्र गाडी चालू असेपर्यंत थांबत नाही.

स्वस्त कार्ड आणि पेनड्राइव्हमध्ये कमी जागेत जास्त जीबी बसवण्यासाठी एकेका कप्प्यात तीन किंवा चार बिट कोंबलेले असतात. जितके बिट जास्त, तितकं आयुष्य कमी. रेकॉर्डिंगसाठी बनवलेल्या कार्डांच्या पाकिटावर ‘एन्ड्युरन्स’ असं लिहिलेलं असतं आणि किती तासांचं रेकॉर्डिंग झेपेल याचा आकडाही दिलेला असतो. दुकानात हाच शब्द आणि हाच आकडा शोधायचा.

त्या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. सॅनडिस्कच्या हाय एन्ड्युरन्स मालिकेत ६४ जीबीला ५,००० तास, १२८ ला १०,००० आणि २५६ ला २०,००० तास दिले आहेत. हा हिशेब २६ एमबीपीएसच्या (सेकंदाला २६ मेगाबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) फुल एचडी रेकॉर्डिंगवर काढलेला आहे. म्हणजे तासाला सुमारे ११.७ जीबी. दहा हजार तासांत साधारण ११७ टीबी लिहिलं गेलं, आणि १२८ जीबीचं कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत नऊशेहून जास्त वेळा पुसून भरून झालं. जीबी दुप्पट केले की तासही दुप्पट होतात, कारण तेवढीच झीज दुप्पट जागेत वाटली जाते. मोठं कार्ड घ्या म्हणण्याचं दुसरं कारण हेच.

हे तास आता स्वतःच्या वापराला लावून पाहा. रोज दोन तास गाडी चालवणाऱ्याला १०,००० तास तेरा वर्षांहून जास्त पुरतात. तोवर गाडीच बदललेली असेल. रोज बारा तास टॅक्सी चालवणाऱ्याला तेच कार्ड सव्वादोन वर्षं पुरेल. पार्किंग मोड लावून चोवीस तास रेकॉर्डिंग ठेवणाऱ्याला ४१६ दिवस, म्हणजे सव्वा वर्षही नाही. त्यामुळे टॅक्सी, स्कूल व्हॅन, मालवाहू टेम्पो चालवणाऱ्यांनी आणि रस्त्यावर गाडी लावून पार्किंग मोड वापरणाऱ्यांनी एक पायरी वरचं कार्ड घ्यावं. सॅनडिस्कची मॅक्स एन्ड्युरन्स आणि सॅमसंगची प्रो एन्ड्युरन्स या त्या वरच्या पायरीच्या मालिका. किमतीतला फरक डॅशकॅमच्या किमतीपुढे फार नसतो. तिथे पैसे वाचवू नयेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

एक गोष्ट पाकिटावर फार बारीक अक्षरांत असते. कॅमेरे आणि मोबाइलसाठीच्या अनेक साध्या कार्डांची वॉरंटी सतत रेकॉर्डिंगसाठी वापरलं तर लागू होत नाही. डॅशकॅमात घालून खराब झालं आणि बदलून मागायला गेलात, तर तिथेच विषय संपतो.

वेगाचे आकडे

वेगाच्या आकड्यांनी पाकीट भरलेलं असतं, पण डॅशकॅमला फार वेग लागत नाही. दोन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगसुद्धा सेकंदाला तीन-चार एमबीच मागतं. ‘१०’ आकडा असलेला क्लास, यू१ किंवा व्ही१० म्हणजे सेकंदाला किमान दहा एमबी. यू३ आणि व्ही३० म्हणजे किमान तीस. फुल एचडीला पहिला गट चालतो, फोर-केला दुसरा घ्या. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘१०० एमबी’, ‘१५० एमबी’ हा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो. डॅशकॅमच्या दृष्टीनं तो बिनकामाचा.

ऊन

आपल्याकडे कार्ड झिजून जातं त्याच्या बरोबरीनं उष्णतेनंही जातं. एप्रिल-मेमध्ये नागपूर, चंद्रपूर, जळगावकडे बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या पुढे तापतो. कॅमेरा तर थेट काचेला चिकटलेला. एन्ड्युरन्स कार्डं साधारण उणे २५ ते ८५ अंशांपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात. साधे पेनड्राइव्ह मात्र बरेचदा ६० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. पाकिटावर किंवा कंपनीच्या पानावर हा आकडा पाहूनच घ्या.

डॅशकॅम निवडायचाच असेल तर आत बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा, उष्णता सोसणारा भाग) असलेला घ्या. लिथियम बॅटरी उन्हात फुगते, आणि गाडी बंद करताना शेवटची फाइल नीट मिटवण्याइतकी वीज तिच्यात उरत नाही. अर्धवट राहिलेली फाइल हे कार्ड करप्ट होण्याचं नेहमीचं कारण.

गाण्यांसाठी लोकांना नखाएवढे इवले पेनड्राइव्ह आवडतात, कारण ते बाहेर डोकावत नाहीत. पण त्यांतले वेगवान प्रकार चालू असताना चांगलेच तापतात. काढताना बोटाला चटका जाणवतो. त्यात उन्हाळा. गाण्यांसाठी साधा, धातूच्या अंगाचा, मध्यम आकाराचा पेनड्राइव्ह बरा. पोर्ट गिअरजवळ असेल आणि लांब पेनड्राइव्हला गुडघा किंवा बाटली लागत असेल तर वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून तो कप्प्यात ठेवा.

गाडीच यूएसबीवर रेकॉर्ड करत असेल तर

टेस्लाचं भारतातलं पहिलं दालन जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीत उघडलं, आणि परदेशातल्या मराठी मंडळींकडे ही गाडी कितीतरी आधीपासून आहे. तिच्यात आजूबाजूचे चार किंवा जास्त कॅमेरे एकाच वेळी रेकॉर्ड करतात आणि सगळं एकाच यूएसबी ड्राइव्हवर उतरतं. कंपनीची अट किमान ६४ जीबीची आणि सेकंदाला किमान चार एमबी सलग लिहिण्याच्या वेगाची आहे. ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. स्वस्त पेनड्राइव्ह पहिली काही मिनिटं जोरात लिहितो, मग तापतो आणि रांगायला लागतो. अशा वेळी स्क्रीनवर ड्राइव्हचा वेग कमी पडतोय असा इशारा येतो.

ड्राइव्ह फॉरमॅट करण्याची सोय गाडीच्याच स्क्रीनवर, सुरक्षेच्या मेनूमध्ये आहे, तीच वापरा. त्यानं ‘टेस्लाकॅम’ नावाचा फोल्डर आपोआप तयार होतो. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर फाइल मांडण्याच्या पद्धतींपैकी एक्सफॅट निवडा; विंडोजची एनटीएफएस ही पद्धत या गाडीला चालत नाही. चालू रेकॉर्डिंगचा ताजा सुमारे तासभराचा भाग राहतो आणि बाकी पुसला जातो. तुम्ही बटण दाबून किंवा हॉर्नला जोडून जपलेल्या क्लिप आणि उभ्या गाडीवर पहारा ठेवणाऱ्या सेंट्री मोडच्या क्लिप वेगवेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि ड्राइव्ह त्यांनीच भरतो. गाणी याच ड्राइव्हवर हवीच असतील तर त्याचे दोन वेगळे भाग पाडावे लागतात. मी तसं करायला सांगणार नाही. ड्राइव्ह एकच असल्यामुळे भाग पाडले तरी झीज दोघांच्या वाट्याला येते आणि तो गेला की गाणीही जातात.

अशा गाडीला सर्वांत चांगला उपाय म्हणजे एन्ड्युरन्स मायक्रोएसडी कार्ड आणि ते घालायला चांगला यूएसबी कार्ड रीडर. टिकाऊपणा कार्डाचा, जोडणी यूएसबीची. फूटेज बघायचं तर कार्ड काढून मोबाइलला किंवा लॅपटॉपला लावता येतं. सेंट्री मोड दिवसभर चालू ठेवणाऱ्यांनी छोट्या एसएसडीचाही विचार करावा. तिचं आयुष्य पेनड्राइव्हपेक्षा बरंच जास्त असतं.

खरं आहे की ड्युप्लिकेट

बाजारात ड्युप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे. चार-पाचशे रुपयांत एक टीबीचा पेनड्राइव्ह मिळत असेल तर तो खोटाच, यात शंका नको. त्याची करामत अशी असते: आत प्रत्यक्षात आठ किंवा सोळा जीबीची चिप असते, पण चिपचा कंट्रोलर कॉम्प्युटरला ‘मी एक टीबी’ असं सांगायला शिकवलेला असतो. सुरुवातीच्या फाइल नीट जातात. खरी जागा संपली की पुढचं सगळं एक तर हवेत जातं, नाहीतर आधीच्यावरच लिहिलं जातं. फोल्डरमध्ये नावं दिसतात, आकार दिसतात, पण फाइल उघडत नाही. डॅशकॅममध्ये हे फार उशिरा कळतं.

म्हणून कार्ड किंवा पेनड्राइव्ह आणला की कॅमेऱ्यात घालण्याआधी तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे, जर्मनीतल्या एका संगणक मासिकानं काढलेला. लिनक्स आणि मॅकवर त्याच कामासाठी एफ३ आहे. विंडोजवर असं करा:

१. कार्ड पूर्ण रिकामं करा आणि रीडरमधून कॉम्प्युटरला लावा.
२. प्रोग्रॅम उघडा, भाषा इंग्रजी निवडा आणि कार्डाचं ड्राइव्ह दाखवा. इथे चुकून दुसरं ड्राइव्ह निवडलं जात नाही ना, ते दोनदा बघा.
३. ‘सगळी मोकळी जागा’ हा पर्याय ठेवा आणि लिहून तपासण्याचं बटण दाबा.
४. आता थांबा. प्रोग्रॅम एकेक जीबीच्या फाइलनी कार्ड काठोकाठ भरतो आणि मग प्रत्येक फाइल परत वाचून पडताळतो. सेकंदाला वीस एमबी वेगानं ६४ जीबी लिहायलाच पाऊण-एक तास लागतो, वाचायला आणखी. रात्री जेवायच्या आधी लावून ठेवलेलं बरं.
५. शेवटी एकही चूक नाही असं हिरव्या चौकटीत आलं तर कार्ड खरं आणि धडधाकट. लाल चौकट आली तर किती जीबी खरे आणि किती गेले हेही लिहून येतं. त्या पडद्याचा फोटो काढा आणि बिलासोबत दुकानदाराकडे जा.

इथे बिलाची गरज कळते. पक्कं बिल घ्या आणि पाकीट फेकू नका. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण आहे ते पाहा. तीच वस्तू त्याच पानावर दहा विक्रेते विकत असतात. परत करण्याची मुदत संपण्याच्या आत ही तपासणी उरकून घ्या.

कॅमेऱ्यात घालताना

तपासलेलं कार्ड कॅमेऱ्यात घाला आणि कॅमेऱ्याच्या मेनूतूनच फॉरमॅट मारा. कॉम्प्युटरवर केलेलं फॉरमॅट कॅमेऱ्याला मानवेलच असं नाही. ३२ जीबीच्या वरची कार्डं नियमानुसार एक्सफॅटमध्ये येतात, पण बरेच डॅशकॅम मोठी कार्डंही स्वतःच्या पद्धतीनं फॅट३२ मध्ये आखून घेतात. कॅमेऱ्याला जे हवं ते त्याला करू द्या. फॅट३२ मध्ये एक फाइल चार जीबीहून मोठी होऊ शकत नाही, पण डॅशकॅम एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे पाडतो, त्यामुळे अडत नाही. मी तीन मिनिटांचे तुकडे ठेवायला सांगतो: एखादी फाइल खराब झाली तर तीनच मिनिटं जातात आणि शोधतानाही सोपं पडतं.

तारीख आणि वेळ लगेच बरोबर करा. पुढे फूटेज दाखवायची वेळ आली आणि त्यावर पाच वर्षांपूर्वीची तारीख असली तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल.

मग जी-सेन्सर. गाडीला धक्का बसला की ती क्लिप कुलूपबंद होते आणि पुढे पुसली जात नाही. सोय उत्तम आहे, पण आपल्या रस्त्यांवर खड्डा, उखडलेला डांबराचा थर, रंग उडालेला स्पीडब्रेकर, सगळंच कॅमेऱ्याला अपघात वाटतं. सेन्सर ‘हाय’वर असेल तर पावसाळ्यातल्या एखाद-दुसऱ्या महिन्यात कुलूपबंद क्लिपांनी अर्धं कार्ड भरतं, फिरत्या रेकॉर्डिंगला जागा उरत नाही आणि कॅमेरा कार्ड भरल्याचा संदेश देऊन थांबतो. ‘लो’ ठेवा. खरी धडक ‘लो’वरही पकडली जाते.

गाण्यांचा पेनड्राइव्ह

इथे टिकाऊपणाची काळजी नको, स्टिरिओच्या सवयी सांभाळायच्या. ३२ जीबीचा साधा, नावाजलेल्या कंपनीचा पेनड्राइव्ह घ्या. चार मिनिटांचं ३२० केबीपीएसचं एमपी३ गाणं दहाएक एमबीचं असतं, म्हणजे ३२ जीबीत तीन हजारांहून जास्त गाणी. तासाभराचं कीर्तन १२८ केबीपीएसमध्ये साठ एमबीच्या आत बसतं. आवाज बोलका असल्यानं तेवढ्यात ते छान ऐकू येतं. फ्लॅक फाइल मोठ्या असतात आणि जुने स्टिरिओ त्या वाजवत नाहीत.

३२ च म्हणण्याचं कारण फॉरमॅट. बहुतेक स्टिरिओ फॅट३२ नक्की वाचतात, एक्सफॅट काही वाचतात, एनटीएफएस फार थोडे. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत फॅट३२ चा पर्याय वर्षानुवर्षं ३२ जीबीपर्यंतच दिला गेला. मोठा पेनड्राइव्ह घेतलात तर वेगळा प्रोग्रॅम शोधत बसावं लागतं. एवढा खटाटोप कशाला?

गाणी भरतानाची एक गंमत माहीत असू द्या. पेनड्राइव्हवर गाणी क्रमानं दिसतात, पण गाडीत भलत्याच क्रमानं वाजतात, ही तक्रार नेहमी येते. अनेक स्टिरिओ नावाच्या क्रमानं न वाजवता फाइल ज्या क्रमानं पेनड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्या क्रमानं वाजवतात. म्हणून कॉम्प्युटरवर आधी फोल्डर पूर्ण लावून घ्या, प्रत्येक फाइलच्या नावाआधी ०१, ०२, ०३ असे दोन आकडी क्रमांक द्या, आणि मग अख्खा फोल्डर एकदम कॉपी करा. नंतर मध्ये एखादं गाणं घालायचं असेल तर तो फोल्डर पेनड्राइव्हवरून पुसून पुन्हा कॉपी करा. क्रमांकाचे आकडे आणि फाइलचं नाव इंग्रजी लिपीत ठेवा. जुन्या स्टिरिओच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन येतात. नव्या टचस्क्रीनवर देवनागरी बहुधा नीट दिसते, एखादं गाणं टाकून बघा.

फोल्डरही फार खोल नकोत. ‘अभंग’, ‘नाट्यगीतं’, ‘भावगीतं’, ‘मुलांची गाणी’ असा एकच थर ठेवा. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी फोल्डर केले की गाडी चालवताना पडद्यावर शोधाशोध होते आणि रस्त्यावरची नजर सुटते.

मॅक वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. मॅकवरून कॉपी केलं की प्रत्येक गाण्यासोबत नावाआधी टिंब आणि अधोरेषा असलेली एक लपलेली फाइल पेनड्राइव्हवर जाते. मॅकवर ती दिसत नाही, पण स्टिरिओला ती गाणंच वाटते. मग प्रत्येक गाण्याच्या आधी एक न वाजणारं गाणं येतं किंवा ‘फाइल वाचता येत नाही’ असं दिसतं. पेनड्राइव्ह विंडोजच्या कॉम्प्युटरला लावा, लपलेल्या फाइल दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि त्या सगळ्या पुसा. गाणी आहेत तशी राहतात.

गाण्यांची एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर ठेवाच. आजीच्या आवाजातल्या ओव्या किंवा गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग फक्त गाडीतल्या पेनड्राइव्हवर ठेवणं फार धोक्याचं. उन्हात पेनड्राइव्ह गेला की ते परत कुठून आणणार?

देखभाल आणि बदल

महिन्यातून एकदा दहा मिनिटं द्या. कार्ड काढा, कालची आणि आठवड्यापूर्वीची अशा दोन-तीन क्लिप पूर्ण चालवून पाहा. मधे चित्र गोठत असेल, क्लिपांमध्ये मिनिटा-मिनिटाची खिंडारं दिसत असतील, कॅमेरा वरचेवर ‘कार्ड फॉरमॅट करा’ म्हणत असेल किंवा फॉरमॅट मारूनही जुन्या फाइल तशाच दिसत असतील, तर कार्ड संपत आलं आहे. शेवटचं लक्षण तर ठरलेलं: आयुष्य संपलेली काही कार्डं लिहिणं बंद करून फक्त वाचण्यापुरती उरतात. अशा कार्डाची दुरुस्ती नसते, नवं घ्या. सगळं ठीक असेल तर हव्या त्या क्लिप काढून घ्या आणि कॅमेऱ्यातून फॉरमॅट मारा. त्यानं जुन्या कुलूपबंद क्लिपाही निघून जातात. कार्डावर पेननं वापरायला घेतल्याचा महिना आणि वर्ष लिहून ठेवलं तर बदलायची वेळ आठवायला लागत नाही.

कार्ड किंवा पेनड्राइव्ह काढताना आधी गाडी बंद करा आणि कॅमेऱ्याचा दिवा विझेपर्यंत थांबा. चालू रेकॉर्डिंगमध्ये ओढून काढलेलं कार्ड बरेचदा तिथेच करप्ट होतं.

अपघात झाला तर

आधी माणसं, मग बाकीचं. सगळे सुरक्षित आहेत याची खात्री झाली की कॅमेरा बंद करा आणि कार्ड काढून घ्या. कॅमेरा चालूच राहिला आणि जी-सेन्सरनं क्लिप जपली नसेल, तर क्रेन येईपर्यंतच्या तासांत ती पुसलीही जाऊ शकते. ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका, फॉरमॅट मारू नका. घरी येऊन घटनेच्या आधीच्या आणि नंतरच्या फाइल आहे त्याच नावानं दोन ठिकाणी कॉपी करा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो. नंबरप्लेट त्यात वाचता येईलच असं नाही. विमा कंपनीला मूळ फाइल द्या.

प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. प्रमाणपत्राच्या ठरलेल्या नमुन्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा आकड्या-अक्षरांचा ठसा नोंदवायचा असतो. फाइलचा एक बिट बदलला तरी हा ठसा बदलतो, म्हणून फूटेज कापून किंवा त्यावर बाण काढून मूळ फाइल बिघडवू नका. पोलिसांनी कार्ड मागितलं तर आधी प्रत काढून घ्या, आणि कार्ड ताब्यात घेतल्याची नोंद पंचनाम्यात कार्डाच्या कंपनीसह आणि जीबीसह झाली आहे का ते वाचून मगच सही करा. तपासून फॉरमॅट केलेलं एक जादा कार्ड गाडीच्या कप्प्यात ठेवलेलं असेल तर परतीच्या वाटेवर कॅमेरा रिकामा राहत नाही.